झोपू देऊ नका: मित्राला दारू किंवा नशा जास्त झाली तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

पोळ्याच्या करीची रात्र. साडेअकराला वसतिगृहातली एक खोली मला बाहेरून कडी लावलेली दिसली. कडी काढली तर गादीवर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा उताणा पडलेला, शेजारी बादली आणि तोंडात लिंबाची फोड. रूममेट गच्चीवर होते. "झोपू द्या न सर, उतरन सकाळी," ते म्हणाले. मोबाइलच्या उजेडात मी त्याचा हात धरून पाहिला, नखं जांभळट झाली होती. पोरगा वाचला, पण उलटी फुप्फुसात गेल्यामुळे अकरा दिवस दवाखान्यात होता.

त्या पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. थकलाय म्हणून निजवला, उतरावी म्हणून लिंबू दिलं, सरांना कळू नये म्हणून कडी लावली. रेक्टर म्हणून काढलेल्या पुढच्या आठ वर्षांत याच तीन चुका मी वेगवेगळ्या खोल्यांत पुन्हा पुन्हा पाहिल्या. प्यावी की नाही, असं मला विचाराल तर मी नकोच म्हणेन. पण हा लेख ती रात्र ओढवल्यानंतरचा आहे, आणि जो स्वतः पीत नाही त्यालाच तो जास्त लागणार आहे.

आत्ता समोर कोणी पडलेलं असेल तर थेट टप्पा ३ वाचा.

## टप्पा १: आधीची तयारी

आपल्याकडे अडचण अंतराची असते. रुग्णवाहिका तालुक्याहून निघते आणि चालकाला "काकाजींच्या वाड्यातली मागची रूम" माहीत नसते. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच एक कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर हे लिहा:

१. १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (पोलीस व इतर तातडीची मदत).
२. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा फोन. हे नंबर प्रत्यक्ष लावून पाहा, पाटीवरचे नंबर बरेचदा बंद असतात.
३. रेक्टरचा नंबर आणि चारचाकी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर.
४. पत्ता, पण खुणांसकट: गाव, तालुका, बस थांब्यावरून कोणत्या बाजूला, पाण्याची टाकी डावीकडे की उजवीकडे.
५. रेंज कुठे मिळते. आमच्या वसतिगृहात ती फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर यायची आणि नव्या पोरांना ते ठाऊक नसायचं.

रूममेटला मिरगी, मधुमेह, दमा आहे का, टीबीची किंवा झोपेची गोळी चालू आहे का, हे एकमेकांना सांगून ठेवा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. टीबीच्या गोळ्यांवर दारू घेतली तर लिव्हरला दुखापत होऊ शकते. झोपेच्या गोळीवर घेतली तर श्वास मंदावतो.

बाहेर बसणार असाल तर एक जण अजिबात न पिणारा हवा आणि सगळ्या गाड्यांच्या चाव्या सुरुवातीपासून त्याच्याकडे हव्यात. "मी एकच घेतली" म्हणणारा मोजायचा नाही.

तपासणी: कागद लागला का? कुशीवर निजवण्याची पद्धत (टप्पा ४) शुद्धीतल्या मित्रावर एकदा करून पाहिली का? पाच मिनिटांचं काम आहे. रात्री घाबरलेल्या हातांना ते पहिल्यांदा जमत नाही.

## टप्पा २: प्रमाणाचा हिशेब

पोरांचा हिशेब चुकतो तो बाटलीच्या आकारावरून. ३० मिलीचा व्हिस्की-रमचा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची एक बाटली अशा चार पेगांइतकी होते. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा पेग. लिव्हर तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम निपटवतं. क्वार्टर उतरायला सहा तासांहून जास्त वेळ लागतो आणि चहा, कॉफी, ताक किंवा थंड पाणी त्यातला एक मिनिटही कमी करत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शेवटचा घोट पोटात गेल्यावरही रक्तातलं अल्कोहोल अर्धा ते दीड तास चढतच राहतं. खाली पडलेला मुलगा "उतरतोय" असं तुम्हाला वाटतं, तेव्हा त्याची नशा कदाचित अजून चढत असते. पैजेवर क्वार्टर एका दमात रिचवणारे म्हणूनच अर्ध्या तासाने कोसळतात.

मोहाची किंवा हातभट्टीची असेल तर हा हिशेबच लागू होत नाही, कारण तिचा जोर दर वेळी वेगळा असतो आणि नवसागरापासून युरियापर्यंत तिच्यात काय घातलंय हे विकणाराही सांगत नाही. काडी लावून ज्योत पाहण्याच्या परीक्षेवर विसंबू नका. विषारी मिथेनॉलही निळसरच जळतं.

एकत्र कधीच नको: दारू आणि झोपेच्या किंवा "बटन" गोळ्या, दारू आणि कोडीनचं खोकल्याचं औषध, दारू आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या. यातली प्रत्येक गोष्ट श्वास मंद करते आणि दोन एकत्र आल्या की तो थांबू शकतो. भांगेचा धोका वेगळा आहे. ती चढायला तास-दीड तास लागतो, "काहीच झालं नाही" म्हणून पोरं दुसरा ग्लास घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात.

## टप्पा ३: पहिली दोन मिनिटं

क्रम मोडू नका. फोन कोणाला करायचा, सरांना सांगायचं का, घरी कळेल का, हे सगळं नंतर.

१. हाक मारा आणि हलवा. नाव घेऊन मोठ्याने हाक मारा, दोन्ही खांदे धरून हलवा. प्रतिसाद नसेल तर मान आणि खांद्याच्या मधला स्नायू जोरात चिमटा. डोळे उघडून अर्थाचं काही बोलला तर ठीक. नुसता कण्हला किंवा काहीच केलं नाही, तर तो झोपलेला नाही, बेशुद्ध आहे.

२. श्वास मोजा. शर्ट वर करा, छाती-पोट पाहा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून मोठा खंड असेल तर वेळ अजिबात उरलेला नाही. घोरल्यासारखा घरघर आवाज हा गाढ झोपेचा नव्हे, अडलेल्या घशाचा असू शकतो.

३. रंग आणि स्पर्श. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा दिसत नाही, म्हणून ओठाची आतली बाजू आणि नखं उजेडात पाहा. अंग थंड आणि ओलसर आहे का?

४. डोकं चाचपा. सूज, रक्त, कानातून पाणी? पडलेला माणूस बरेचदा आधी कुठेतरी आपटलेला असतो.

उठत नाही, श्वास मंद किंवा तुटक आहे, रंग बदललाय, झटका आला, बेशुद्धीत उलटी झाली, डोक्याला मार आहे, किंवा गोळ्याही घेतल्या आहेत. यातलं एकही असेल तर लगेच १०८. दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नका.

श्वास पूर्ण थांबला असेल तर कठीण जमिनीवर उताणं घ्या, छातीच्या मधोमध तळहाताने ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. फोन स्पीकरवर ठेवा आणि मदत येईपर्यंत आळीपाळीने दाबा.

## टप्पा ४: कुशीवर निजवणं

बेशुद्ध माणसाचा जीव बरेचदा उलटीमुळे जातो. घशाची पकड सुटलेली असते, उताण्या माणसाची उलटी सरळ श्वासनळीत उतरते.

त्याच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसा. तुमच्याकडचा हात कोपरात वाकवून डोक्याच्या बाजूला ठेवा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याचा पंजा तुमच्याकडच्या गालाखाली धरा. दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा वर उचला आणि तोच गुडघा आपल्याकडे ओढा. माणूस वजनदार असला तरी सहज वळतो. वरचा पाय काटकोनात राहू द्या म्हणजे तो पालथा होणार नाही. हनुवटी किंचित वर आणि तोंड जमिनीकडे झुकलेलं ठेवा, काही आलं तर बाहेर पडेल. उशी काढून टाका.

मग पाठीशी बसा आणि उठू नका. दर पाच मिनिटांनी श्वास मोजून कागदावर वेळेसकट लिहा. ११:४० ला १२, ११:४५ ला १०. दवाखान्यात हा कागद तुमच्या सगळ्या सांगण्यापेक्षा जास्त कामी येतो.

नेहमीच्या चुका:
- लिंबू, लोणचं, ताक, मिठाचं पाणी पाजणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही.
- घशात बोटं घालून उलटी काढणं.
- नळाखाली धरणं. अंग आधीच थंड पडत असतं, शिवाय ओल्या फरशीवर पुन्हा पडतो.
- दोघांनी धरून अंगणात चालवणं.
- खोलीला कडी लावून निघून जाणं. याहून मोठी चूक मला माहीत नाही.

पडलेली मुलगी असेल तर तिच्याजवळ एक विश्वासाची मैत्रीण शेवटपर्यंत हवी. शुद्धीत नसलेल्या व्यक्तीची कशालाही संमती असू शकत नाही. तिचे फोटो, व्हिडिओ काढणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे खाली करा.

## टप्पा ५: हे खरंच दारूचं आहे ना?

तोंडाला वास आला की सगळे निर्धास्त होतात. खेड्यात मात्र वास दारूचा आणि आजार दुसराच, असं घडतं.

मण्यार चावलेला माणूस दारुड्यासारखाच दिसतो: पापण्या जड होऊन खाली येतात, जीभ अडखळते, पोट दुखतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्याला चावते, दंश बरेचदा दुखत नाही आणि खूण शोधूनही सापडत नाही. पावसाळ्यात शेतात किंवा जमिनीवर झोपलेल्या कोणाच्याही पापण्या खाली पडत असतील तर वेळ न घालवता प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

कीटकनाशक. कपाशीच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीचे डबे असतात. तोंडातून फेस-लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, उग्र औषधी वास. नशेत घेतलं की मुद्दाम घेतलं, हे विचारत बसू नका. कपडे काढा, हातांना प्लास्टिकची पिशवी बांधून अंग धुवा, उलटी काढू नका, डबा सोबत न्या.

मे महिन्यात उन्हात पिऊन पडलेल्याचं अंग तापलेलं आणि बोलणं बरळल्यासारखं असेल तर तो उष्माघात आहे. सावलीत आणा, ओल्या कापडाने पुसा, वारा घाला आणि १०८. मधुमेही मुलगा घाम येऊन बरळत असेल तर साखर उतरलेली असू शकते.

एमडीसारख्या (मेफेड्रोन, उत्तेजक पावडर) नशेत उलटं दिसतं: अंग गरम, छाती धडधडणारी, माणूस घाबरलेला, अंगावर येणारा. चार जणांनी पालथा दाबून धरू नका, त्यात श्वास कोंडतो. गर्दी हटवा, हळू बोला, अंग थंड ठेवा. छातीत दुखलं किंवा झटका आला तर १०८. गांजा-भांगेने नुसता घाबरला असेल, पण शुद्धीत असेल, तर शांत खोलीत एका ओळखीच्या माणसाजवळ बसवा. बहुतेकदा काही तासांत निवळतं.

## टप्पा ६: फोन आणि गाडी

१०८ वर पहिलं वाक्य "माणूस बेशुद्ध आहे, श्वास मिनिटाला इतका" असं असू द्या. मग पत्ता, खुणा, काय घेतलंय ते. "पार्टी होती, सर, तसं काही नाही" इथून सुरुवात केलीत की महत्त्वाची दोन मिनिटं जातात. एका मुलाला बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभं करा.

रुग्णवाहिकेला फार वेळ लागेल असं सांगितलं तर चारचाकी काढा आणि १०८ ला वाटेत कुठे गाठायचं ते विचारा. बेशुद्ध माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. गावात हेच सगळ्यात जास्त होतं. मान पुढे पडते, घसा मिटतो, आणि वीस मिनिटांच्या रस्त्यावर पुढच्याला कळतही नाही की मागच्याचा श्वास बंद झालाय. पिकअपच्या मागे गादी टाकून कुशीवर निजवलेला माणूस त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

## टप्पा ७: दवाखान्यात

खरं सांगा. काय, किती, किती वाजता, कशासोबत, आधीचा आजार. रिकामी बाटली किंवा गोळीचं पाकीट दाखवा. "फक्त बीअर होती" हे खोटं गोळीचं विष लपवतं आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने जातात.

डॉक्टर मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करतील आणि पोलिसांना कळवू शकतील. ती नोंद म्हणजे अटक नव्हे. पोलिसांच्या कागदांसाठी तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. जीव वाचवायच्या उपचाराला आई-वडिलांच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. मात्र त्यांना फोन करा, आणि तो तुम्हीच करा. रात्री दोनला अनोळखी आवाजात ऐकण्यापेक्षा ते बरं.

## टप्पा ८: दुसरा दिवस

शुद्धीवर आला की मोकळे झालो असं समजू नका. विशेषतः हातभट्टीची असेल तर पुढचे ३६ तास लक्ष ठेवा. मिथेनॉलची लक्षणं १२ ते २४ तासांनी येतात: डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं पांढरं दिसणं, पोटात कळा, जोरजोरात श्वास. "हँगओव्हर आहे" म्हणून निजलेला माणूस आंधळा होऊ शकतो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूने शंभरावर माणसं गेली. उपचार आहे, पण तो डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात आणि वेळेत.

तपासणी: दुपारी त्याला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. अक्षरं पुसट म्हणाला तर लगेच निघा, आणि त्याच भट्टीची प्यायलेल्या प्रत्येकाला शोधून सोबत घ्या, बरं वाटत असलं तरी.

डोकेदुखीला पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या खाऊ नका, लिव्हर आधीच दमलेलं असतं. थोडं थोडं पाणी, भाताची पेज, झोप.

## टप्पा ९: ज्याच्या भीतीने कडी लागते ते नियम

नियम नीट माहीत असले की भीती योग्य जागी राहते.

दारू. दारूबंदीचा कायदा आख्ख्या महाराष्ट्राला आहे. बंदी नसलेल्या जिल्ह्यातही पिण्याचा परवाना लागतो. वय सौम्य बीअर-वाइनला २१, बाकी दारूला २५. म्हणजे पदवीचे बहुतेक विद्यार्थी कोणत्याच रांगेत बसत नाहीत. वर्धा आणि गडचिरोली हे बंदीचे जिल्हे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली, त्यामुळे पोरांचा गोंधळ होतो. चंद्रपुरात किंवा नागपुरात घेतलेली बाटली बॅगेत टाकून हद्द ओलांडली की तुम्ही गुन्हेगार, बिल असलं तरी.

गाडी. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्यांदाच १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

गांजा, एमडी, गोळ्या. इथे १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा लागतो. गांजा एक किलोपर्यंत "अल्प प्रमाण" धरला जातो, पण अल्प म्हणजे माफ असं नाही. एक वर्षापर्यंत सश्रम कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एमडीसाठी अल्प प्रमाण फक्त २ ग्रॅम, त्यापुढे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणात आणखी वर जाते. खोली तुमच्या ताब्यात असेल आणि तिथे काय चालतं हे ठाऊक असूनही चालू दिलंत, तर तुम्हीही अडकता. ओळखीच्या माणसाचं पार्सलही आत काय आहे हे माहीत नसताना नेऊ नका. पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला धावणारी कितीतरी पोरं आमच्या वसतिगृहात आहेत. चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा आला की ती धाव तिथेच थांबू शकते.

जबरदस्ती. सिनियरने "एक घे न बे" म्हणत पाजली तर ते रॅगिंग आहे. १९९९ चा राज्याचा कायदा आणि २००९ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम दोन्ही लागू होतात. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

वसतिगृहाची शिक्षा, निलंबन, घरी पत्र, हे होऊ शकतं. मी स्वतः अशी पत्रं पाठवली आहेत. पण ज्या पोराने वेळेत दार ठोठावलं त्याच्यासाठी समितीपुढे उभाही राहिलो आहे. रेक्टर आणि प्राचार्य हे वाचत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती: मदत मागायला येणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे सत्राच्या पहिल्या सभेत तोंडाने सांगा आणि फलकावर लेखी लावा.

## टप्पा १०: रोजचं झालं असेल तर

सकाळी हात थरथरतात, प्यायल्याशिवाय झोप नाही, मेसचे पैसे जातात, असं असेल तर दोन गोष्टी.

पहिली: रोज भरपूर पिणाऱ्याने "आजपासून बंद" म्हणून एकदम सोडू नये. सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, नंतर भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्यांवर हे सोपं जातं. हे गावाकडे वडिलांना, काकांना दारू सोडवणाऱ्या पोरांनीही लक्षात घ्यावं.

दुसरी: जायचं कुठे. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार मिळतात. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाची तालुका क्लिनिक आहेत. फोनवर नशामुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. खासगी केंद्र निवडताना नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, आणि भेटू न देणारं, मारहाण करणारं केंद्र असेल तर त्याच दिवशी परत आणा. अंमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ अशांसाठीच आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढूनही घेतलं जातं.

मित्राशी बोलायचं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तो न प्यायलेला असताना, एकटं गाठून. "तू बेवडा झालास" म्हणू नका. त्या रात्री काय पाहिलं ते सांगा: नखांचा रंग, मिनिटाला आठ श्वास, किती वाजता कोण घाबरून रडलं. श्वासांचा तो कागद जपून ठेवला असेल तर त्याच्या हातात द्या आणि दवाखान्यात सोबत येतो म्हणून वार ठरवून टाका.